संग्राम मेडलवाले तात्या

सातारा जिल्ह्यात मेडलचं कौतुक करून घेणं सोपं नाही. एकट्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा मुलखात, पुण्याकडच्या एका डेपोत ब्लँकेटं मोजून रिटायर झालेल्या हवालदारानं छाती काढून चालायचं म्हणजे धाडसच. ते तात्यांकडे आहे. (तेवढ्यासाठी शौर्यपदक द्यायला माझी हरकत नाही.)

तात्यांची मेडलं दोन. स्वातंत्र्याच्या पंचविशीचं जे आहे, ते १५ ऑगस्ट १९७२ला फौजेत होते म्हणून मिळालं. थोडक्यात, हजेरीचं. त्याबद्दल तात्या फार बोलत नाहीत. खरा जीव १९७१च्या संग्राम मेडलवर. आता तेही त्या लढाईच्या काळात वर्दीत असलेल्या जवळजवळ सगळ्यांना मिळालं; पण हे तात्यांना ऐकवायला गेलेला माणूस दोन चहा पिऊन, स्वतःचंच मत बदलून परत येतो. पूर्वेच्या आघाडीवर गेलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेच्या आघाडीवर गेलेल्यांना पश्चिमी स्टार. तात्यांचा हिशोब सरळ आहे : "स्टार जाणाऱ्याला, मेडल पाठवणाऱ्याला!"

दर रविवारी मेडलला ब्रासो लागतो. मुळात ते पितळेचं नाही, पण फौजेतली सवय. घासून घासून सिंहांची आयाळ गुळगुळीत झालीय आणि कडेवर कोरलेला नंबर भिंग धरल्याशिवाय दिसत नाही. तसं वाचायची गरजही नाही. हा नंबर तात्या झोपेतसुद्धा घडाघडा म्हणतात. नातवंडांची नावं मात्र तीनचार हाका मारल्यावर जुळतात.

लढाईच्या गोष्टीत तोफ कधी येत नाही. गाठोडी येतात, इंडेंट येतात, पावसात भिजलेल्या पावत्या येतात. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली हे सगळ्यांनाच ठाऊक. तात्यांचा प्रश्न निराळा. "सुमारे ९३ हजार कैदी. ऐन थंडीत. त्यांना पांघरायला काय दिलं, हे कुणी विचारतं का?" कुणीच विचारत नाही, म्हणून उत्तरही तेच देतात.

यंदा झेंडावंदनानंतर पारावर हे चालू असताना पश्चिमी स्टारवाले आण्णा पहिल्यांदाच बोलले.

"तात्या, त्या डिसेंबरात मला दोन्ही बूट डाव्या पायाचे आले होते."

तात्यांनी मेडल सरळ केलं. "पावतीवर सही कुणाची होती? माल ताब्यात घेतानाच बघून घ्यायचा असतो, आण्णा!"