गृहपाठाची स्वावलंबी योजना

शाळा स्वावलंबी कशी करावी, यावर देशाने पहिल्यांदा गंभीरपणे डोके खाजवले ते वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने पुढे जो आराखडा केला, त्यात शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला दिली होती. मुलांनी सूत काढावे, त्यातून गणित-भूगोल शिकावा आणि जमल्यास शिक्षकाचा पगारही निघावा. ‘मुलांच्या कमाईवर शाळा चालवायची?’ अशी हरकत प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच घेतली होती. आज शहांची चिंता पूर्ण मिटली आहे. प्रश्न चॅटजीपीटी काढते, उत्तर चॅटजीपीटी लिहिते, तपासून ‘मांडणी उत्तम, अधिक उदाहरणे हवीत’ असा शेराही तेच मारते. मुलाला काडीचे श्रम नाहीत, मास्तरांनाही नाहीत. स्वावलंबन याहून किती हवे? पालकांना फी मात्र पूर्वीसारखीच भरावी लागते. योजनेत माणसाचे काम म्हणून तेवढेच उरले आहे.

यावर जो गळा काढला जातो, त्यात यंत्राने पवित्र विद्या बाटवली असा सूर असतो. बाटवायला शिल्लक काय होते? गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर पिढ्या पदवीधर झाल्या. पर्यावरणाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगसह तयार मिळे, फक्त पहिले पान बदलायचे. विद्यार्थी नसला तरी चालेल असेच काम आपण विद्यार्थ्याला देत होतो. यंत्राने ते ओळखले आणि त्याला वगळले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८चा वाङ्मयचौर्याचा नियम तर या यंत्रासाठीच केल्यासारखा वाटतो. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. म्हणजे तीन पुस्तके धुंडाळून, उतारे जुळवून घाम गाळणारा पकडला जायचा आणि ज्याने एक ओळ वाचली नाही, त्याचा यंत्रलिखित मजकूर शून्य टक्के साम्याने सोवळा ठरायचा.

मग यंत्र पकडायला दुसरे यंत्र आणा, असे म्हणणारे आहेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच २०२३च्या जानेवारीत असे यंत्र आणले होते. त्याने यंत्राने लिहिलेले मजकूर फक्त २६ टक्के ओळखले आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरांवर उगाच आळ घेतला. जुलैत ते गुपचूप मागे घेण्यात आले. स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्याच वर्षी आढळले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध ही यंत्रे खोटे ठरवतात. साधी वाक्ये आणि बेताचा शब्दसंग्रह, हा त्यांचा गुन्हा. हिंगणघाटच्या मुलाने कष्टाने लिहिलेले इंग्रजी म्हणजे चोरी आणि सफाईदार लबाडी म्हणजे प्रतिभा, असा न्याय करायला सॉफ्टवेअर विकत कशाला घ्यायचे? तो आपण फुकट करतोच. ‘हाताने लिहून आणा’ हा दुसरा उपाय, त्याने अक्षर सुधारते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. आष्टी-कारंजाकडच्या ज्या मुलीला शिकवणी परवडत नाही, तिला रात्री अकराला न कंटाळता समजावणारे कोणी मिळाले, तर तुमच्या पोटात का दुखते? दुखत नाही. गांधीजींनीही सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून सूट दिली होती आणि चांगल्या चरख्यासाठी १९२९मध्ये लाखाचे बक्षीस लावले गेले होते. पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानात सुमारे हजार मुलांवर केलेला प्रयोग पाहा. सराव करताना ज्यांना साधा चॅटबॉट दिला त्यांची गणिते ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ती मुले चॅटबॉट कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारा देणारा, शिक्षकांनी बेतलेला चॅटबॉट ज्यांना मिळाला त्यांचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही. यंत्र तेच, फरक त्याला आवर कोणी घातला याचा. त्या मुलीच्या मोबाइलवर फुकटात येतो तो बिनआवराचा, आणि तिच्या नावाने युक्तिवाद करणारे नेमके हेच सांगत नाहीत.

टकळीवर लबाडी चालत नसे, सूत तुटले की दिसे. वर्ध्याच्या त्या योजनेचे, म्हणजे नई तालीमचेही पुढे अनेक ठिकाणी कर्मकांड झाले, ते सोडा; पण केलेल्या कामावरून शिकणे तपासायचे, हा तिचा मुद्दा खोटा ठरलेला नाही. धाम नदीवर निबंध द्या, यंत्र तोही लिहील. लिहू द्या. मग मुलाला समोर बसवून विचारा, यातले कोणते वाक्य तुला पटत नाही, आणि का? हे तपासायला सॉफ्टवेअर लागत नाही, वेळ लागतो. ऐंशी मुलांना पाच-पाच मिनिटे म्हटली तरी सहा तास चाळीस मिनिटे होतात आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला मानधन व्याख्यानाचे मिळते, ऐकून घेण्याचे नाही. ते कोणत्या शीर्षाखाली द्यावे, यासाठी सरकारने समिती नेमावी. अहवाल मात्र सदस्यांनी स्वतः लिहावा आणि त्यावर तोंडी परीक्षा द्यावी.