जहाजावरच्या सेवेकऱ्याचे आभार : वऱ्हाडी कुटुंबांसाठी नियमावली

टिप कशी द्यावी, या विषयावर बोलण्याचा कौंडण्यपूरकरांचा अधिकार जन्मसिद्ध आहे. समुद्र आमच्यापासून लांब. पाणी म्हणाल तर वर्धा नदी, आणि तीही उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दाखवते. पण आपलं काम करून देणाऱ्या माणसाचे आभार कसे मानावेत, याचे दोन दाखले पुराणांनी आमच्याच गावच्या नावावर, म्हणजे जुन्या कुंडिनपुरात, नोंदवून ठेवलेत.

पहिला दाखला महाभारतातला. दमयंती परागंदा झाली, तेव्हा सुदेव नावाच्या ब्राह्मणाने तिला चेदी देशात ओळखून काढलं. तिच्या वडिलांनी, विदर्भाच्या भीम राजाने, त्याला हजार गाई, एक गाव आणि वर रोख द्रव्य दिलं. दुसरा दाखला भागवतातला. रुक्मिणीचा निरोप घेऊन एक ब्राह्मण द्वारकेला गेला आणि कृष्ण आल्याची बातमी घेऊन परतला. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त याचंही नाव सुदेवच. रुक्मिणीला त्याला काय द्यावं ते सुचेना. त्याच्या तोलाची वस्तूच दिसेना. मग तिने त्याला नुसता नमस्कार केला.

इकडे हजार गाई, तिकडे नमस्कार. या दोहोंच्या मधे कुठेतरी जहाजावरच्या स्टुअर्डची टिप बसवायची आहे, आणि तेवढ्यासाठीच ही नियमावली.

ती आत्ताच लिहायचं कारण असं की आता तिवसा, आर्वी, मोर्शीकडची मंडळीही सिंगापूरहून पिनांग-फुकेतच्या क्रूझला जाऊ लागलीत. दुसरं कारण माझे थोरले साडभाऊ. आयुष्य सरकारी कचेरीत काढलेला हा गृहस्थ पाहुण्याला जेवायला बसवलं की त्याच्या ताटात चौथी पुरणपोळी वाढल्याशिवाय उठू देत नाही; पण खिशातली नोट दुसऱ्याच्या हातात ठेवायची म्हटली की त्याला ग्लानी येते. टिपेचा विषय निघाला तेव्हा त्यांनी मला रुक्मिणीचाच दाखला दिला. “आपल्या गावच्या पोरीनं काय देल्लं रे? नमस्कार. मंग आपुन काहून पैसे द्यायचे?”

म्हणून आधी हे शास्त्रार्थाने निकालात काढू. द्वारकेत कृष्णाने त्या ब्राह्मणाला स्वतःच्या आसनावर बसवलं, पूजा केली, जेवू घातलं आणि त्याचे पाय चेपले. परतीला स्वतःच्या रथात बसवून आणलं. म्हणजे कुंडिनपुरात नमस्कार झाला तोवर त्याचं वरच्या पातळीवर सगळं भागलेलं होतं. शिवाय रुक्मिणीने आधी शोधलं आणि मग नमस्कार केला. साडभाऊ शोधण्याची पायरी गाळतात. भागवताचे टीकाकार म्हणतात, रुक्मिणी साक्षात लक्ष्मी, तिने नमस्कार केला म्हणजे संपत्तीच दिली. तुम्ही-आम्ही लक्ष्मी नव्हे. आपल्या नमस्कारावर स्टुअर्डचं फिलिपिन्समधलं घर चालत नाही.

नियम 1. आधी बिल वाचा. बहुतेक मोठ्या जहाजांवर ‘ग्रॅच्युइटी’ नावाची रक्कम माणशी, रोजची, आपोआप तुमच्या खात्यावर चढते. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर साध्या खोलीसाठी ती सध्या साधारण 16 ते 20 डॉलर असते. पोरांचेही सहसा तेवढेच लागतात. चौघांचं कुटुंब, पाच रात्री, 18 डॉलरने 360 डॉलर होतात. रुपयांत तीस हजारांवर. हा आकडा साडभाऊंना जेवणाआधी सांगू नये. टूरवाल्याकडून गेला असाल तर तुमच्या पॅकेजमधे ही रक्कम धरलेली आहे का, ते निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. धरलेली असेल तर तुम्ही टिप दिलेली आहे. अपराधी वाटून घेऊ नका, आणि मिरवूही नका.

नियम 2. ती रक्कम काउंटरवर जाऊन कमी करता येते, ही माहिती खरी आहे. तिचा उपयोग करू नका. त्या पैशात खोली आवरणारा, ताट आणून देणारा आणि जे तुम्हाला कधी दिसतही नाहीत असे कितीतरी जण वाटेकरी असतात. आमच्या क्रूझवर साडभाऊ काउंटरवर गेले होते. तिथल्या मुलीने गोड हसून कारण विचारलं. कारण सांगायचं म्हणजे तक्रार करायची, आणि तक्रार करण्यासारखं काही घडलं नव्हतं. माणूस खरं बोलणारा, त्यामुळे तसाच परत आला. तुमची सेवाच वाईट झाली असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही आधी तक्रार करा, पैशांचं मागून बघा.

नियम 3. टिपेची चर्चा मोठ्याने मराठीत करू नये.

हा नियम छोटा दिसतो, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. जहाज परदेशी, समुद्र परदेशी, म्हणजे आपली भाषा इथे कोणाला कळत नाही, अशी आपली समजूत असते. जगभरच्या जहाजांवर गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या काम करत आलीत, हे आपण विसरतो. आमच्या मजल्यावरचा स्टुअर्ड सासष्टीचा होता. साडभाऊ त्याला ‘ते पोट्टं’ म्हणायचे. पोट्टं चाळिशीचं होतं आणि त्याची मुलगी मडगावात कॉलेजला होती. रोज सकाळी कॉरिडॉरमधे त्याच्या गाडीजवळ उभे राहून साडभाऊ हिशेब मांडायचे : “दहा डॉलर लय होते. पाच देऊ. न्हाई तं एक चांगला टॉवेल देऊ, घरून आणलाय.” शेवटून दुसऱ्या दिवशी तो वाकून गादीची चादर ओढत असताना शांतपणे म्हणाला, “काका, टॉवेल नको. टॉवेल इथे पुष्कळ आहेत.”

नियम 4. घरचं खायला देऊ नये. मला मान्य आहे, हे जिवावर येतं. धापोडे, मुंगवड्या, ठेच्याची बरणी हे सगळं प्रेमाने बांधून आणलेलं असतं, आणि प्रेम नाकारणारा माणूस आपल्याला माणूसच वाटत नाही. पण समोरच्याला ते कशाचं आहे, कधीचं आहे, काय सोसतं काय नाही, यातलं काही कळत नाही. आणि जहाजावर कोणाचं पोट बिघडलं तर काम बंद ठेवून त्याला वेगळं ठेवतात. द्यायचंच तर कंपनीचं, सीलबंद, तारीख छापलेलं. चिखलदऱ्याच्या कॉफीचं पाकीट उत्तम. महाराष्ट्रात कॉफी होते हे सांगायलाही बरं पडतं. खोबऱ्याच्या वाट्यांचा विचारच करू नका. सुकं खोबरं तेलामुळे आपसूक तापून पेटू शकतं, म्हणून विमानवाले त्याला धोकादायक मालात धरतात. तुमचा प्रसाद विमानतळावरच काढून घेतील.

नियम 5. वस्तू देताना घेणाऱ्याची खोली डोळ्यांपुढे आणा. तुम्ही ज्या मजल्यावर समुद्र बघत झोपता, त्याच्या खाली, पाण्याच्या पातळीजवळ, खिडकी नसलेल्या खोलीत तो दुसऱ्या एकाबरोबर राहतो. दोन बंक, एक अरुंद कपाट. करार सहा ते नऊ महिन्यांचा, त्यात पूर्ण सुटीचा दिवस जवळपास नाहीच. परत जाताना विमानाच्या वजनात सगळं संसारसाहित्य बसवायचं. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार 2006 सालचा, 2013 पासून लागू. त्यात कामाची कमाल मर्यादा घातली आहे ती 24 तासांत 14 तास आणि आठवड्याला 72 तास. मर्यादा एवढी, तर काम किती ते समजून घ्या. अशा माणसाला स्टीलचा डबा, रुक्मिणी-पांडुरंगाची काचेच्या चौकटीतली तसबीर, किंवा तुमच्या कपाटात चार लग्नं फिरून आलेला ब्लाऊजपीस देऊ नये. त्या ब्लाऊजपीसची घडी एव्हाना आमच्या घरातले सगळे ओळखतात.

नियम 6. कॉरिडॉरमधे सत्कार करू नये. वऱ्हाडात कोणाचं काही चांगलं झालं की दुपट्टा, टोपी, नारळ आणि प्रास्ताविक आलंच. त्यात वाईट काही नाही. पण त्या माणसाकडे पुष्कळ खोल्या असतात, काही जहाजांवर तर दिवसातून दोनदा. तुम्ही ‘या प्रसंगी मला आनंद होतो’ म्हणेपर्यंत त्याच्या तीन खोल्या राहतात. फोटोचा आग्रह तर नकोच. तो हसेल. ते हसणं त्याच्या कामाचा भाग आहे.

नियम 7. खात्यावरच्या रकमेवर खुशीने काही द्यायचं तर फाटकी, पेनाने लिहिलेली, चिकटपट्टी लावलेली डॉलरची नोट देऊ नये. बदलून देणारे ती घेत नाहीत. परदेशी नाणी तर कोणीच घेत नाही. उरलेली चिल्लर मूठभर देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या खिशात टाकणं.

नियम 8. शगुनाचा रुपया चिकटवलेलं पाकीट इंडोनेशियाच्या मुलाला दिलंत तर तो त्या रुपयाचं काय करायचं याचा बराच वेळ विचार करेल. वीस डॉलरची आणि एक डॉलरची नोट घाला. एकवीस झाले.

नियम 9. पैसे उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी द्यावेत. उतरण्याच्या सकाळी लवकर खोली रिकामी करायची असते, आणि दुपारपर्यंत त्याच गादीवर नवीन पाहुणे येणार असतात. त्या गर्दीत तुमचा माणूस सापडत नाही, आणि तुम्ही उशीखाली ठेवलेलं पाकीट कोणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही. पाकिटावर त्याचं नाव आणि तुमचा खोली नंबर लिहा, आणि शक्यतो हातात द्या.

आता ज्याला पैसे लागत नाहीत अशी टिप. सकाळी उठून नाश्त्याला लवकर निघा, म्हणजे त्याला खोली लवकर मिळते. ओले टॉवेल एका जागी टाका. पोरांचा वाळूचा ढीग बाथरूममधे झटकू नका. संध्याकाळीही आवराआवर होत असेल आणि तुम्हाला ती नको असेल तर तसं सांगा. तेवढी मिनिटं त्याला घरी फोन लावायला मिळतात. जहाजावर इंटरनेट महाग, म्हणून ही माणसं बंदर लागलं की फुकटचं वायफाय शोधत धावतात. टॉवेलचा हत्ती करून तो गादीवर ठेवतो ना, त्याला निदान एक दिवस मोडू नका. आमच्या साडूबाईंनी तो हत्ती सिंगापूरपर्यंत सांभाळला आणि तिथे, टॉवेल जहाजाचा असल्यामुळे, जड अंतःकरणाने सोडवला.

पालखीच्या वाटेवरही हे शहाणपण आहेच. आमच्या रुक्मिणीची पालखी कौंडण्यपूरहून पंढरपूरला पायी जाते. 1594 पासूनची परंपरा सांगतात. मुक्कामाच्या गावात वारकरी पैसे देत नाहीत, गावकरी घेत नाहीत. पण निघताना अंगण झाडून निघायचं असतं. साडभाऊ वारीत कसोशीने झाडतात. जहाजावर मात्र तेच साडभाऊ म्हणाले, “पैसे भरलेत नं आपुन.”

नियम 10, शेवटचा आणि सर्वात उपयोगी : कागदावर नाव लिहा. प्रवास संपला की कंपनी अभिप्राय मागते. त्यात ‘सेवा छान’ एवढंच लिहिलंत तर कोणाच्याही पदरी काही पडत नाही. स्टुअर्डचं नाव, खोलीचा नंबर, त्याने केलेली एखादी नेमकी गोष्ट लिहिलीत तर ते त्याच्या वरिष्ठांपर्यंत जातं, आणि बढतीच्या वेळी अशी नावं बघतात. आणि इथे मला साडभाऊंविषयी चांगलं बोलणं भाग आहे. आयुष्यभर अर्ज, अहवाल आणि शेरे लिहिलेला हा माणूस शेवटच्या रात्री चष्मा लावून बसला आणि त्याने इंग्रजीत एक पूर्ण पान लिहिलं. विषय, संदर्भ, तारीख, मजला, खोली क्रमांक. ‘खाली सही करणारा नमूद करू इच्छितो की’ अशा थाटात सुरुवात. साडूबाईंचा गुडघा दुखत होता तेव्हा न सांगता ठेवलेली जास्तीची उशी, चहासाठी रोज गरम पाण्याचा थर्मास, एवढंच नव्हे तर हत्तीसुद्धा मुद्देसूद, क्रमांक घालून. स्टुअर्डच्या आडनावाचं स्पेलिंग तीनदा त्याच्याच छातीवरच्या बिल्ल्यावरून तपासलं. खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून जहाजाच्या कप्तानाला.

त्या माणसाने ते पान दोनदा वाचलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवतो म्हणाला. मग साडभाऊंनी पाकीट दिलं. मी नंतर विचारलं, किती घातले. “एकवीस,” ते म्हणाले. “अन् एक मनातून कटला नं बाप्पा, तो वरचा एक.”