ऊन, चिखल आणि ऊस

सोलापूर शहरात राहून दक्षिण सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट किंवा मंगळवेढा तालुक्यातल्या एखाद्या गावी रोज नोकरीला जाणे, म्हणजे अपडाऊन करणे. त्यासाठी वाहन निवडताना तीन ऋतू ध्यानात घ्यावे लागतात : ऊन, चिखल आणि ऊस. शाळेच्या भूगोलात शिकवलेले तीन ऋतू इथेही येऊन जातात, पण गाडीच्या दृष्टीने त्यांना फारसे महत्त्व नाही. परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत बर्फावर कोणते टायर चालतात यावर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. सोलापुरात बर्फाचा प्रश्न रसवंतीपुरता आहे.

अपडाऊन करणाऱ्यांत शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, आरोग्यसेविका आणि बँकेतले कारकून येतात. यांतल्या बहुतेक सरकारी मंडळींनी मुख्यालयी राहावे असा नियम आहे, आणि कागदोपत्री ती राहतातही. त्यामुळे रोजचा साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास अधिकृतपणे घडतच नाही. पेट्रोल मात्र खरेच जळते.

या जिल्ह्याचा नीट विचार करून बनवलेले वाहन आजवर एकच झाले, ते म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची ही गाडी 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू केली. दर आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळही टिकतात, हे त्याचे सूत्र होते. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली. पुढे सगळा मार्ग रुंद झाला. कॅलथ्रॉपचे सूत्र हल्ली कोणीच पाळत नाही, जीपमध्ये प्रवासी कोंबणारे वडापवाले तर नाहीच; तिथे भार आसावर मोजत नाहीत, दार लागते की नाही यावर मोजतात.

पहिला पर्याय एसटीचा. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली तेव्हापासून महामंडळाने खेड्यांचे भले केले आहे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे शिक्षिकांचे गणित एसटीच्या बाजूने झुकते. पण वेळापत्रक गावकऱ्यांसाठी आखलेले असते. मुक्कामी गाडी रात्री गावात झोपते आणि सकाळी शहराकडे निघते. अपडाऊनवाल्याला सकाळी शहरातून गावाकडे जायचे असते. म्हणजे वाटेत कुठेतरी त्याची गाडी आणि त्याचे विद्यार्थी कॉलेजला घेऊन जाणारी गाडी एकमेकांसमोरून जातात, आणि त्याच्या गाडीत तो, वाहक आणि टपालाची पिशवी एवढेच असतात. अशी रिकामी फेरी तोट्यात धरतात आणि कधीतरी बंद करतात.

मग दुचाकी. 1972 मध्ये आलेल्या लुनाने एका पिढीला सायकलवरून उतरवले, एम-एटीने दूधवाल्यांना वर आणले, आणि 1994 मध्ये आलेल्या स्प्लेंडरने हा विषय जवळजवळ संपवला. स्प्लेंडर निवडण्यामागे सौंदर्यदृष्टी नसते. तिची क्लच वायर किराणा दुकानातही मिळते आणि तिचे इंजिन कसे खोलायचे हे गावातल्या नववीच्या मुलाला येते. खेड्यात वाहनाची परीक्षा एकच : बंद पडल्यावर पहिला भेटणारा माणूस ती दुरुस्त करू शकतो का? या परीक्षेत भल्याभल्या महागड्या गाड्या नापास होतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले आणि मिस्त्री लोकांवर मोठा आघात झाला. पूर्वी जेट काढायचा, तोंडाने फुंकायचा आणि परत बसवायचा, एवढ्यावर निम्मे आजार बरे व्हायचे. आता मीटरवर पिवळा दिवा लागतो. मिस्त्री त्याच्याकडे पाहतो, दिवा त्याच्याकडे पाहतो, आणि गाडी टेम्पोत घालून सोलापूरला न्यावी असा निर्णय होतो.

चारचाकी एकट्याला परवडत नाही, म्हणून पाच शिक्षक मिळून एकाची गाडी वापरतात. पुढची जागा सेवाज्येष्ठतेने ठरते. मालक चालवतो, त्यामुळे त्याला पुढे बसायला मिळते, पण गाणे कोणते लावायचे यावर त्याचा अधिकार नसतो. गाडीचा रंग पांढरा असावा; तो उन्हाचे किरण परतवतो आणि आतली भट्टी थोडी निवते. आठवड्यात तो रंग मातीचा होतो. ज्या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर दिवस काढले, तिथे गाडी धुणे ही कृती शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरते. म्हणून जाणते लोक गाडी गावातल्या एखाद्या पालकाच्या बोअरवर धुऊन घेतात आणि त्याच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे जरा प्रेमाने पाहतात. बोलेरो घेण्याचा मोह टाळावा. बोलेरो दारात आली की ती गावाची होते : बाळंतीण, वरात, खताची पोती आणि ग्रामपंचायतीची निवडणूक यांना ती लागते, आणि मालकाला तिच्यातून शाळेत जायची संधी अधूनमधून मिळते.

जुनी गाडी घ्यायची तर ती सोलापूरचीच, एमएच-13 पाटीची घ्यावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या गाड्या दिसायला देखण्या, पण खारट दमट हवेने खालून खाल्लेल्या असतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा गंजत नाही. रबर, प्लास्टिक आणि चालक एवढेच वाळतात.

रस्त्याचे उदाहरण म्हणून विजापूर रोड घ्यावा. सैफुलच्या गर्दीतून बाहेर पडले की सोरेगाव, मग हत्तूर, सीनेवरचा पूल आणि तेरामैल. तिथून आत वळले की भीमेच्या काठापर्यंत गावे पसरलेली आहेत, निम्मी मराठी, निम्मी कानडी. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांत भाषा खूप पुढे गेली. आतला रस्ता मात्र काही ठिकाणी शिलालेखाचा समकालीन वाटतो. महामार्गावर ताशी साठने धावणारी गाडी इथे गतिरोधक आणि खड्डा यांच्या पाळीपाळीने येणाऱ्या स्वागतात वीसवर येते. गतिरोधक कोणाच्या घरासमोर आहे त्यावरून गावातले वजनदार घर ओळखता येते. या टप्प्यात डब्यातली भाजी झाकणाबाहेर येते, पोळीचा लगदा होतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र जशीच्या तशी पोचते. हा पदार्थ अपडाऊनसाठीच जन्मला असावा.

उन्हाचा विचार दिशेने करावा लागतो. विजापूर रोडने जाणारा सकाळी दक्षिणेला जातो, तेव्हा सूर्य त्याच्या डाव्या हाताला असतो. संध्याकाळी उत्तरेला परततो, तेव्हाही डाव्याच हाताला. तुळजापूरकडे जाणाऱ्याचा दोन्ही वेळा उजवा गाल भाजतो. मोहोळवाल्याची पाठ शेकते, आणि अक्कलकोटवाल्याच्या तर दोन्ही वेळा थेट डोळ्यांत ऊन येते. जिल्हा परिषदेच्या बैठकीत कोण कोणत्या तालुक्यातला आहे हे अनुभवी माणूस चेहऱ्याच्या काळवंडलेल्या बाजूवरून सांगू शकतो, आणि बदलीचा अर्ज करताना कोणता गाल पुढे करायचा याचा विचार व्हायला हरकत नाही.

मे महिन्यात पारा 42-43 वर जातो तेव्हा काळ्या रेक्झिनच्या सीटवर बसणे हा धाडसी निर्णय ठरतो. त्यावर उपाय सोलापुरातच विणला जातो : टेरी टॉवेल. याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचे सगळे उपयोग त्या कागदपत्रांत आलेले नसावेत. तो उभ्या गाडीच्या सीटवर पसरतात, चालत्या गाडीवर तोंडाला गुंडाळतात, शाळेत पोचल्यावर त्यानेच घाम पुसतात आणि परतताना चेन उतरली तर त्यालाच हात पुसतात. पुढच्या दिवशीचा क्रम शक्यतो टॉवेल धुऊन सुरू करावा.

उन्हात टाकी काठोकाठ भरू नये. 25 अंशांचे दहा लिटर पेट्रोल 45 अंशांना सुमारे 200 मिलीलिटर फुगते आणि झाकणातून वाट काढते. चाकातली हवा सकाळी, टायर गार असताना पाहावी. तापमान दहा अंशांनी चढले की दाब सुमारे दीड पौंडाने चढतो. दुपारी हवा तपासून 'जास्त आहे' म्हणून काढणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ढकलत जातो. थंड मुलखात बॅटरी गारठून मरते, इथे ती उकडून मरते : आतले पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात. भरायचे ते डिस्टिल्ड वॉटर. 'थोडं अ‍ॅसिड टाकू का' असे विचारणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

चिखल हा सोलापूरचा बर्फ आहे, आणि या बाबतीत परदेशी पुस्तके उपयोगी पडत नाहीत, कारण बर्फ निदान वितळतो. इथली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. उन्हाळ्यात ज्या जमिनीची भेग गाडीची किल्ली गिळते, तीच जमीन पावसाळ्यात गाडी गिळते. दक्षिण सोलापुरात पावसाचा खरा जोर परतीच्या पावसाचा, सप्टेंबरचा. गाडी पाणंद रस्त्याला लागली की वीस पावलांत माती टायर आणि मडगार्ड यांच्यात भरते, चाक फिरायचे थांबते आणि मोटारसायकल चालकाने खांद्यावर न्यायची वस्तू होते. यावर तीन उपाय रूढ आहेत. पुढचे मडगार्ड काढून टाकावे. मग चाक फिरते, पण चिखल चालकाच्या शर्टावर येतो. डिकीत खुरपे ठेवावे. किंवा गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला कोणाच्या तरी वस्तीवर लावून, चपला हातात घेऊन चालू लागावे. तिसरा उपाय सर्वोत्तम, आणि सर्व उपकरणे विकत घेऊन झाल्यावर लोक त्याच्यापाशी येतात. वाफसा येईपर्यंत पेरणी करू नये हे शेतकऱ्याला कळते. वाफसा येईपर्यंत पाणंदीत गाडी घालू नये हे नोकरदाराला तिसऱ्या पावसाळ्यात कळते.

पूर ही वेगळी गोष्ट आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेने आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीनेने जे रूप दाखवले त्यात थट्टेला जागा नव्हती. विजापूर महामार्गही पाण्यामुळे बंद ठेवावा लागला. पुलावरून पाणी वाहत असताना कोणतेही वाहन योग्य नसते.

पाऊस सरला की ऊस येतो. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने आहेत. उजनी धरणाने केलेला हा चमत्कार ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्यावर उतरतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर दीड मजला ऊस, मागे दिवा नाही, पुढे मात्र स्पीकर. अंधारात हे वाहन आधी ऐकू येते, मग दिसते, आणि ऐकू आल्यावर ते पुढे आहे की मागे हे ठरवायला थोडाच वेळ मिळतो. त्यामुळे या मोसमात गाडीचा हॉर्न निरुपयोगी, हेडलाइट आणि ब्रेक लायनर अत्यावश्यक. ट्रॉलीतून सांडलेली मोळी वळणावर पडलेली असते. तिच्यावरून गेलेले चाक बर्फावरून गेल्याप्रमाणेच वागते.

देखभालीतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग एअर फिल्टर. बैलगाडीवाटेची धूळ पिठाइतकी बारीक असते. फिल्टर चोंदला की गाडी पेट्रोल पिते आणि ओढत नाही. मालक पेट्रोलपंपाला शिव्या देतो. चेनवर काळे ऑइल ओतण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तेल आणि धूळ मिळून दात घासणारी पॉलिश पेस्ट तयार होते आणि चेनसेट वर्षात संपतो. चेन आधी पुसावी, मग थोडेसे तेल द्यावे. काट्यांसाठी ट्यूबलेस टायर बरे, कारण रस्त्याच्या दुतर्फा वेडी बाभूळ आहे आणि कुंपणासाठी तिच्या फांद्या रस्त्यावरूनच ओढत नेतात. सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करायची हे पुस्तिकेत दिलेले असते. प्रत्यक्षात ती वर्गातला एखादा मुलगा ''सर, चेन वाजायलीय की'' म्हणतो तेव्हा होते.

पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीची वेळ येते आणि गाडी विकायला निघते. जाहिरातीत 'शिक्षकाची, एकहाती' असे लिहितात, आणि पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक त्यावर भाळतो : शिक्षक म्हणजे हळू चालवणारा, घराजवळची शाळा, रविवारी गाडी झाकलेली. सोलापूरचा गिऱ्हाईक आधी विचारतो, ''शाळा कुठली?'' तेरामैलाच्या पुढचे नाव ऐकले की तो पाच हजार कमी करतो. दूधवाला मात्र काही विचारत नाही. तो मागे कॅन बांधायचे हूक बसतात का एवढेच पाहतो आणि गाडी घेऊन त्याच रस्त्याला लागतो.