सातबाऱ्यावरचे बाबा

वसई स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचं, गास, गिरिज, भुईगाव, निर्मळ अशी कुठलीही पाटी असलेली बस धरायची आणि केळीची पानं खिडकीतून आत येऊ लागली की खाली उतरायचं. समोर दिसेल त्या वाडीत शिरून ‘बाबा आहेत का?’ असं विचारायचं. आहेत, असंच उत्तर मिळतं. नाव सांगावं लागत नाही आणि सांगून फारसा उपयोगही नसतो. संत फ्रान्सिस झेवियर सोळाव्या शतकात वसईला येऊन गेले. तेव्हापासून इथे ‘फ्रान्सिस’ अशी हाक मारली की तीन वाड्यांतून ‘ओ’ येते. बाबा मात्र वाडीला एकच.

वय ऐंशीच्या पुढे. अंगात गंजीफ्रॉक, खाली हाफपँट, गळ्यात क्रूस, हातात कोयता आणि कमरेच्या करगोट्याला पंपघराची किल्ली. किल्ली महत्त्वाची, कारण बाबा निवृत्त आहेत. येईल-जाईल त्याला ते हेच सांगतात, ‘मी आता कशात नसतो. पोरं काय ते बघतात.’ पहाटे चार वाजता मोटार सुरू करून, दांडातल्या पाण्यात उभं राहून, ऐकायला चिटपाखरू नसतानाही ते हे वाक्य म्हणतात. पोरांची झोपमोड होईल एवढ्या मोठ्याने म्हणतात.

पोरं नऊ. त्यांच्या जन्मतारखा हे आयचं खातं. बाबा पोरं ओळखतात पाण्यावरून. पहिली तीन जन्मली तेव्हा विहिरीवर रहाट होता आणि त्याला रेडा जुंपलेला असायचा. मग ऑइल इंजिन आलं, त्या काळात चार झाली. विजेची मोटार बसली आणि उरलेली दोन आली. त्यामुळे या घरात रहाटातली पोरं, इंजिनातली पोरं आणि मोटारीतली पोरं अशा तीन जाती आहेत आणि बाबांच्या मते त्यांचे गुण उतरत्या क्रमाने आहेत. रहाटातल्यांनी रेड्यामागे फिरून पाढे पाठ केले. त्यातला थोरला बँकेत लागला, दुसरी सिस्टर झाली, तिसरा फादर. इंजिनातल्यांना निदान हँडल मारून दंड कमवावे लागले. त्यांच्यात एक रेल्वेत, एक शिक्षिका, एक नर्स, एक दुबईत. मोटारीतल्यांनी आयुष्यात फक्त बटण दाबलं, म्हणून त्यातली एक थेट कॅनडात जाऊन पडली, असं बाबांचं निदान आहे. शेंडेफळ घरी राहिलं. वाडी तोच बघतो. किल्ली सोडून सगळं त्याच्या ताब्यात आहे.

एवढ्या पोरांचं या घरात कौतुक कधी झालं नाही, वाटप झालं. शाळेच्या आधी कोणी कुठली रांग तोडायची हे ठरलेलं होतं. उंच असेल त्याने आकडी घेऊन सोनचाफा काढायचा, बुटक्यांनी मोगरा आणि कागडा. जास्वंदीच्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडायच्या, नाहीतर दादरला पोचेपर्यंत उमलतात आणि उमललेल्या कळीला भाव नसतो. मग टोपल्या बांधून कोणीतरी लोकलच्या मालडब्यात चढायचं आणि बाकीच्यांनी हात धुऊन शाळेत. नऊ जणांच्या दप्तरांना बारा महिने फुलांचा वास यायचा आणि प्रगतिपुस्तकांना मातीचे डाग असायचे. आय मधल्या वेळात नऊ डबे भरायची. डब्यात भाकरी आणि सुकट असायची आणि कोणाचा डबा कोणाकडे गेला यावरून मारामारी होत नसे, कारण सगळ्यांत तेच. तक्रार एकदाच झाली होती, इंजिनातल्या दुसऱ्याची. आयने त्याला दुसऱ्या दिवशी सुकटीशिवाय भाकरी दिली. या घरातलं तक्रार निवारण तेवढंच.

भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. एक चर्चचं, त्यात संतांचे सण. दुसरं कालनिर्णय, त्यात धंदा. १९७३ साली कालनिर्णय निघालं आणि बाबांची मोठी सोय झाली. त्याआधी अंगारकी कधी आहे हे विचारायला शेजारच्या गावातल्या भटजींकडे सायकल मारावी लागे. आता अंगारकी, दसरा, श्रावणी सोमवार सगळं तोंडपाठ. अंगारकीला जास्वंद, दसऱ्याला झेंडू, पितृपक्षात आळू आणि गवार, श्रावणात केळीची पानं. दादरच्या फुलबाजारात एखाद्या व्यापाऱ्याला तिथीची शंका आली तर तो वसईच्या माणसाला विचारतो आणि गळ्यात क्रूस घातलेले बाबा त्याला संकष्टीचा चंद्रोदय सांगतात. मार्गशीर्षातले गुरुवार तर बाबांचे खास. महालक्ष्मीच्या व्रताला फुलं आणि केळी दोन्ही लागतात आणि हे गुरुवार नेमके नाताळाच्या तोंडावर येतात. त्या घरातल्या नऊही पोरांचे नाताळचे नवे कपडे महालक्ष्मीच्या कृपेने शिवले गेले आहेत. फादर झालेला मुलगाही हे नाकारत नाही. तो फक्त विषय बदलतो.

संध्याकाळी सातला चर्चची घंटा होते, बाबा मोटार बंद करतात आणि रोजरी सुरू होते. रोजरीत नमो मारिया ५३ वेळा येते. देवाला ती कशी ऐकू येते ते देव जाणे, बाबांना ती हजेरी म्हणून ऐकू येते. पूर्वी सगळे ओसरीवर रांगेत गुडघे टेकून बसत आणि पेंगणाऱ्याला पुढचं दशक सांगायला लावत. आता रोजरी व्हिडिओ कॉलवर होते. कॅनडात तेव्हा सकाळ असते, दुबईत दिवस मावळत असतो, मीरा रोडचा थोरला हातातला टीव्हीचा रिमोट लपवतो आणि रेल्वेतला नेटवर्क नाही असं सांगतो. बाबांना नेटवर्क म्हणजे काय ते कळत नाही, पण रेल्वेतलाच मुलगा रेल्वेत अडकतो हे त्यांना कधीच पटलेलं नाही. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोजरीत प्रकाशाची पाच रहस्यं वाढवली, तेव्हा घरात दोन दिवस चिंतेचं वातावरण होतं. ती फक्त गुरुवारी म्हणायची आहेत, रोजची लांबी वाढणार नाही, असं फादर झालेल्या मुलाने फोन करून सांगितलं तेव्हा सगळ्यांची श्रद्धा पूर्ववत झाली.

रोजरी संपली की विनंत्या. यात बाबांचा हात कोणी धरणार नाही. शुद्धिस्थानातले आत्मे, पाऊस, कॅनडातल्या मुलीचा व्हिसा, केळीवरचा रोग आणि शेवटी ‘ज्यांनी आपली म्हैस आमच्या आळूत सोडली त्यांना प्रभूने सद्बुद्धी द्यावी.’ कुंपणापलीकडे शेजाऱ्याचीही रोजरी चाललेली असते. थोड्याच वेळात तिकडून आवाज येतो, ‘जे म्हशीवर खोटा आळ घेतात त्यांना प्रभूने क्षमा करावी.’ मग दोन्हीकडून एकदम ‘आमेन’ होतं. प्रार्थना मराठीत होते. खरं भांडण झालं तर बाबा कादोडी बोलीत उतरतात, आणि ते मात्र प्रभूच्या कानावर जाऊ नये अशी आयची इच्छा असते.

इतिहास बाबांना वाडीपुरता माहीत आहे. १५३४ साली पोर्तुगीज आले, १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पुढे इंग्रज आले आणि गेले. ‘राज्यं बदलली,’ बाबा म्हणतात, ‘पण केळीचा भाव दलालानेच ठरवला.’ त्यांच्या हिशेबी खरी आक्रमणं दोन. पहिलं टँकरचं. नवी शहरं उभी राहिली आणि त्यांची तहान भागवायला वाड्यांतल्या विहिरींना दिवसरात्र पंप लागले. विहिरी खारटल्या, पानवेली सुकल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरले आणि बाबा त्यांच्यामागे गेले. हेच फादर २०२० साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते बाबांनी टीव्हीवर पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून झाल्यावर ‘हारातली फुलं आपल्याकडची दिसत नाहीत’ एवढीच टीका केली. दुसरं आक्रमण महानगरपालिकेचं. २००९ साली ती झाली आणि गावं वगळा म्हणून मोर्चे निघाले. बाबा मोर्चात पहिल्या रांगेत होते. येताना पालिकेच्या नळाचा अर्जही घेऊन आले. विरोध तत्त्वाला होता, पाण्याला नव्हता.

आता वाडीच्या हिशेबाबद्दल. बाबांची वही आहे आणि त्या वहीप्रमाणे वाडी नफ्यात आहे. जमेला फुलं, केळी, नारळ, सुकेळी. सुकेळी म्हणजे आयचं काम. पिकलेली राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात घालायची, संध्याकाळी आत आणायची, कावळ्यांना आणि नातवंडांना हाकलायचं. या कामाची मजुरी वहीत धरलेली नाही. शेंडेफळाची मजुरीही नाही; मालकाला कुठे मजुरी असते? विजेचं बिल तर हल्ली येतच नाही. सरकार सुधारलं, असं बाबांचं मत आहे. ते बिल रेल्वेतला मुलगा मोबाइलवर भरतो. खताचे पैसे दुबईहून येतात, मोटार जळली की कॅनडाहून. त्याबदल्यात बाबा दर महिन्याला प्रत्येकाला केळीचा घड पाठवतात. घड न्यायला थोरला मीरा रोडहून गाडी घेऊन येतो. त्या पेट्रोलमध्ये बाजारात तीन घड आले असते, हे त्याने एकदा बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘मग विकत घे. बघ गोड लागतात का.’ त्याने खरोखरच विकत घेऊन पाहिली. पुढच्या महिन्यात तो पिशवी थोडी मोठी घेऊन आला.

अशा वाडीवर बिल्डरच्या माणसाचा डोळा नसेल तर तो माणूस कसला? तो येतो, बूट काढतो, आकडा सांगतो. ऐकून मुलं गप्प होतात. एक भागिले नऊ असा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा येतो. बाबा मात्र शांत. ‘विकायचीच आहे,’ म्हणतात. ‘माझं काय, मी निवृत्त.’ आणि सातबारा आणून पुढे ठेवतात.

तो सातबारा पाहून बिल्डरच्या माणसाचा घसा कोरडा पडतो. वाडी बाबांच्या आजोबांच्या नावावर होती. आजोबांना सात मुलगे, त्यांना मिळून किती पोरं हे मोजायला चर्चचं रजिस्टर काढावं लागेल. वाटणी कधी झालीच नाही. नावांना नावं लागत गेली आणि उतारा लांबत गेला. एक वारस नायजेरियात मिशनरी आहे. एक सिस्टर आहेत. त्यांना सही करण्यापूर्वी मठाची परवानगी लागते. दोघांची नावं फ्रान्सिस आहेत आणि त्यातला कोण वारला हे तलाठ्याला निश्चित करता आलेलं नाही. आणि मधला चुलतभाऊ बाबांशी बोलत नाही.

‘वाटणी करून टाकायला हवी होती वेळेवर,’ बाबा हळहळतात. वर्षानुवर्षं हळहळतात. पण हळूहळू लक्षात येतं की वाटणीची बोलणी जवळ आली की बाबांना कुठल्यातरी चुलतभावाशी भांडायचं हटकून सुचतं. एकदा फणसावरून, एकदा पाटाच्या पाण्यावरून, एकदा नुसतंच लग्नाच्या जेवणात मटणाचे तुकडे कमी पडले म्हणून. तो भाऊ रागावून सही नाकारतो आणि दोन वर्षं वाडी सुरक्षित राहते. मग समेट होतो, दोघे मिळून मिस्साला जातात आणि बाबा दुसरा भाऊ हेरतात. बाकीच्यांनी तारेचं कुंपण घातलं, भिंती बांधल्या, कोर्टात गेले, तरी वाड्या गेल्या. बाबांनी नुसती माणसं वाढवली. एवढ्या माणसांचं एकमत होईल असा भाव अजून मुंबईत निघालेला नाही.

बिल्डरचा माणूस हुशार होता. ‘सगळे एकत्र कधी असतात?’ त्याने विचारलं. ‘नाताळात या,’ बाबा म्हणाले. ‘सगळेच असतात. एका फटक्यात सह्या.’

तो नाताळाच्या आदल्या दिवशी फाइल घेऊन आला. ओसरीवर पन्नासेक माणसं नाताळच्या फराळाचे कुलकुल वळत बसली होती. आयने त्याच्या हातात काटा आणि पिठाचा गोळा दिला. रिकाम्या हाताने बसायची या घरात पद्धत नाही. त्याने कुलकुल वळले, कोणाचं तरी मूल धरलं, दुबईवाल्याशी क्रिकेटवर गप्पा मारल्या आणि कॅनडावाल्या मुलीची सूटकेस माळ्यावर चढवली. सहीचा विषय काढला तेव्हा दोन्ही फ्रान्सिस हजर होते, म्हणजे वारलेला कोणीच नव्हता, आणि मधला चुलतभाऊ बाबांशी नुकताच बोलू लागला होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, ‘यंदा तुझी केळी जरा बारीकच दिसतात.’

निघताना बिल्डरच्या माणसाला सुकेळ्यांचं पुडकं मिळालं. फाइल मात्र तिथेच राहिली. कागद चांगला जाड आहे, मागची बाजू कोरी आहे. बाबांनी नव्या वर्षापासून मोटारीचा हिशेब त्यातच लिहायला घेतला आहे.