अंग उघडं, पाय झाकलेले

परदेशात काही हौशी मंडळी खडकाळ वाळवंटात विवस्त्र भटकंती करतात आणि त्यांना घोर एकच: पायात काय घालावं? आपल्याकडे हे कोडं १९९५ च्या सुमारासच सुटलं. मॉडेल मधु सप्रे आणि मिलिंद सोमण ‘टफ’ बुटांच्या जाहिरातीत उभे राहिले. अंगावर अजगर, पायांत बूट, बाकी काही नाही. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला; तो चौदा वर्षं रेंगाळला, २००९ मध्ये निर्दोष सुटका झाली. संस्कृतीचा कीस निघाला; बुटाचा तळ जाड की पातळ, ही गिऱ्हाइकाच्या कामाची गोष्ट मात्र बाजूलाच राहिली.

वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावला वाळवंट नाही, पण तूर कापल्यावर उरलेली टोकदार खुंटं आहेत, बाभळीचे काटे आहेत, मे महिन्याचं ऊनही आहे. इथला शेतकरी डोक्याला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. पायांत मात्र झिजलेली चप्पल. तिकडच्या नेमकं उलट!

हौशी मंडळींना सल्ला एवढाच: बूट घोट्यापर्यंतचे, जाड तळाचे घ्या. आणि बाभळीखाली टेकण्याआधी जागा नीट झाडून घ्या. तिथे बूट कामाचे नाहीत.