तारे वाटणाऱ्या महोदयांस अनावृत पत्र

मा. मानांकनतज्ज्ञ महोदय यांसी,



सर्वप्रथम आपले जाहीर आभार. अमेरिकेतल्या शाळांच्या जिममध्ये कडक बाकांवर तासन्‌तास बसायचे, पंधरा-सोळा वर्षांची पोरे बास्केटबॉल खेळताना न्याहाळायची आणि त्यांच्या नावापुढे तीन, चार, पाच असे तारे मांडायचे, हे काम आपण किती निरपेक्ष भावनेने करता! पोराला मिसरूड फुटलेले नसते, आणि आपल्याला त्याची पुढची पंधरा वर्षे लख्ख दिसत असतात. आमच्याकडे कुंडली मांडणारा निदान जन्मवेळ तरी विचारतो. आपण उंची विचारता आणि मोकळे होता.

नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांवर तर आपले अनंत उपकार आहेत. रॅले, डरहॅम, चॅपल हिल या पट्ट्यात ड्यूक विद्यापीठाचा गडद निळा की चॅपल हिलच्या कॅरोलायना विद्यापीठाचा आकाशी, यावरून घराघरांत दोन तट असतात. आपल्या कृपेने या दोन्ही तटांचा उन्हाळा सुखाचा जातो. नव्या पोराने वसतिगृहात बॅगही ठेवलेली नसते, तोवर आम्हाला सगळे कळलेले असते: तो सामन्यामागे अठरा गुण करणार, मार्चच्या स्पर्धेत संघाला शेवटच्या चारांत नेणार आणि जूनमध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या पाचांत जाणार. राहता राहिले सामने. ते पोराने खेळून घ्यायचे.

२०१० सालच्या आपल्या औदार्याबद्दल ऋण व्यक्त करायचे राहूनच गेले होते. आयोवातल्या एम्स गावचा हॅरिसन बार्न्स चॅपल हिलला आला. त्याने कॉलेजचा एकही सामना खेळलेला नसताना असोसिएटेड प्रेसच्या हंगामपूर्व ऑल-अमेरिका संघात त्याची निवड झाली. पहिल्या वर्षाच्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. नोव्हेंबरात मिनेसोटाविरुद्ध त्याने बारा फटके मारले आणि बाराही चुकले. मग आपलीच मंडळी हळहळत विचारू लागली, की पोराचे बिनसले तरी काय? बिनसले काहीच नव्हते. अठरा वर्षांचा मुलगा नवी व्यवस्था शिकत होता. पुढच्या मार्चमध्ये त्याच मुलाने एसीसी या कॅरोलायनाच्या लीगच्या स्पर्धेत क्लेमसनविरुद्ध चाळीस गुण केले. आपण तेवढे चार महिने थांबला असतात, तर त्या पोराची झोप तरी शाबूत राहिली असती.

केंटकीच्या स्काल लाबिसिएरवर आपला विशेष लोभ होता, हेही विसरून चालणार नाही. मूळचा हैतीचा. जानेवारी २०१० मधल्या भूकंपात पोर्तोप्रिन्समधले घर कोसळले आणि तेरा वर्षांचा हा मुलगा कुटुंबीयांसह कित्येक तास ढिगाऱ्याखाली अडकून पडला. तिथून तो अमेरिकेत आला, बास्केटबॉलमध्ये रमला, वाढला. आपण त्याला देशातल्या पहिल्या एक-दोन नावांत बसवलेत आणि केंटकीच्याच आधीच्या गाजलेल्या खेळाडूंच्या, अँथनी डेव्हिस, कार्ल-अँथनी टाउन्स यांच्या, पंगतीचे पान त्याच्यासाठी वाढूनही ठेवलेत. २०१५-१६ च्या हंगामात त्याचे सरासरी साडेसहाच्या आसपास गुण झाले आणि लगेच त्याच्या नावावर 'निराशा' असा शिक्का बसला. ढिगाऱ्यातून बाहेर पडून पाच-सहा वर्षांत केंटकीच्या संघापर्यंत पोहोचलेल्या मुलाने आपली निराशा केली, याबद्दल त्याच्या वतीने मीच क्षमा मागतो.

मासिकांना खाद्य पुरवण्यातही आपला हात कोणी धरू शकणार नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने इमोनी बेट्सला मुखपृष्ठावर झळकवले, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्या वयाच्या मुलाला आपण मोटार चालवायचा पक्का परवाना देत नाही, पण एका खेळाचे भवितव्य बिनधास्त त्याच्या हवाली करतो. एक वर्ष आधीच, सतराव्या वर्षी, तो मेम्फिसला आला. पाठीच्या दुखण्याने गाठले, सामन्यामागे दहा गुणही भरले नाहीत. मग तो आपल्या घरच्या भागात, ईस्टर्न मिशिगनला गेला आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये एकोणपन्नासावा निवडला गेला. जगातल्या सर्वांत अवघड लीगचे दार या मुलाने ठोठावले आणि ते उघडले. आपल्या तक्त्यावर मात्र ही घसरण म्हणून नोंदली गेली.

एकटा पोरगा म्हणजेच अख्खा संघ, हा आपला सिद्धान्त तर सोन्याच्या अक्षरांत कोरून ठेवावा असा आहे. २०१५-१६ मध्ये बेन सिमन्स लुइझियाना स्टेटमध्ये होता. पुढे तो ड्राफ्टमध्ये पहिला गेला, पण संघाला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. पुढच्याच हंगामात वॉशिंग्टनच्या मार्केल फुल्ट्झने सामन्यामागे तेवीस गुण केले. संघ नऊ सामने जिंकला, बावीस हरला, प्रशिक्षकांची नोकरी गेली आणि फुल्ट्झही ड्राफ्टमध्ये पहिला गेला. २०२४-२५ मध्ये रटगर्सकडे आपल्या यादीत वर असलेली दोन पोरे एकाच वेळी आली, डिलन हार्पर आणि एस बेली. संघाचा हिशेब पंधरा विजय, सतरा पराभव. पास देणारा, आडोसा धरणारा, बाकावरून ओरडून सूचना देणारा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा गडीही संघात लागतो, एवढे आपण एखाद्या यादीच्या तळाशी बारीक अक्षरात छापले असते, तर आमचे बरेच पैसे आणि अश्रू वाचले असते.

शरीराबद्दल आपण बाळगलेले मौनही स्तुत्य आहे. हॅरी जाइल्स ड्यूकला आला तो दोन्ही गुडघ्यांच्या गंभीर दुखापती सोसून. तरी आपण त्याला वरच्या पायरीवरून हलवले नाहीत. त्याची सरासरी चार गुणांपर्यंतही गेली नाही. मायकेल पोर्टर ज्युनियर मिझुरीसाठी पहिल्या सामन्यात दोन मिनिटे खेळला आणि त्याची पाठ गेली. अख्ख्या हंगामात त्याच्या वाट्याला तीनच सामने आले. पुढे २०२३ मध्ये डेन्व्हरबरोबर तो एनबीएचा विजेता झाला. मधल्या वर्षांत त्याने शस्त्रक्रिया, व्यायाम आणि सराव यांतून स्वतःला उभे केले. त्या वर्षांना आपल्याकडे एकही तारा मिळत नाही.

आता एक नम्र गाऱ्हाणे. शाळेतून कॉलेजात येताना खेळ कसा बदलतो, हे सांगायचे आपल्याकडून दरवर्षी नेमके राहून जाते. शाळेचा सामना ३२ मिनिटांचा, कॉलेजचा ४० मिनिटांचा. तीन गुणांची रेषा शाळेत १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर. अनेक राज्यांत शाळेच्या सामन्याला शॉट क्लॉकच नसते; इथे तीस सेकंदांत फटका मारावाच लागतो. शाळेत समोर पाच फूट दहा इंचांचा, रसायनशास्त्राच्या परीक्षेची चिंता वाहणारा वर्गमित्र. कॉलेजात समोर बावीस-तेवीस वर्षांचा तयार बाप्या.

बचावाच्या वेळी त्या पोराचे काय होते, ते कधी जवळून पाहावेत. शाळेत चेंडू त्याच्या हातात असायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरायचे. इथे तो चेंडूवाल्याच्या मागे धावतो आहे. पाठीमागे दुसरा गडी पाय रोवून भिंतीसारखा उभा राहिला आहे. 'स्क्रीन' अशी हाक सहकाऱ्याने मारली, पण वीस हजारांच्या गोंगाटात ती अर्धा क्षण उशिरा पोहोचली. खांद्यावर धडक बसते, पोरगा कोलमडतो, तोवर पलीकडे चेंडू जाळीत गेलेला असतो. प्रशिक्षक त्याला बाहेर बोलावतात. तो टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो आणि शेजारचा जुना खेळाडू त्याला हाताने दाखवतो, की पाय आधी इकडून काढायचा. शिक्षण म्हणतात ते हेच. आपल्या भाषेत मात्र या प्रसंगाचे नाव 'अपेक्षाभंग'.

स्टीफन करीकडे दुर्लक्ष केल्याबद्दल आपले शतशः आभार. आपण त्याच्यावर ताऱ्यांची खैरात केली नाहीत. मोठ्या लीगमधल्या एकाही विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही आणि तो आमच्याच राज्यातल्या छोट्याशा डेव्हिडसनला गेला. नोव्हेंबर २००६ मधल्या पहिल्या सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू गमावला. तेरा वेळा! प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी दुसऱ्या सामन्यातही त्यालाच उतरवले. त्याने मिशिगनविरुद्ध बत्तीस गुण केले. या तेरा चुका आपल्या एखाद्या पंचतारांकित पोराने पहिल्याच रात्री केल्या असत्या, तर पहाटेपर्यंत त्याचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

जुने प्रशिक्षक किती मागासलेले होते, हेही आपल्यामुळेच कळले. एके काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगीच नव्हती. १९६५ मध्ये ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, यूसीएलएच्या नवख्यांच्या संघातून खेळले. त्या पोरांनी सरावाच्या लढतीत आपल्याच विद्यापीठाच्या राष्ट्रीय विजेत्या मुख्य संघाला ७५-६० असे हरवले. तरीही अल्सिंडर वर्षभर थांबले. १९७२ मध्ये नियम बदलला. पण १९८१ च्या हिवाळ्याआधी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ला कॅरोलायनाचे छायाचित्र हवे होते, तेव्हा प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी चार खेळाडू पुढे केले आणि पाचव्याला बाजूला ठेवले. तो नवखा होता. मुखपृष्ठ त्याने अजून कमावले नव्हते. मायकेल जॉर्डन त्याचे नाव. त्या हंगामात संघात त्याच्यापेक्षा जास्त गुण जेम्स वर्दी आणि सॅम पर्किन्स यांचे झाले. अंतिम सामन्यात, शेवटच्या काही सेकंदांत, विजयाचा फटका या पोराने मारला. त्या क्षणापर्यंत ओझे वाहणारे थोरले खांदे त्याच्या शेजारी होते, म्हणूनच त्याचा हात मोकळा राहिला.

आणि पोराने आपले भाकीत खरे करून दाखवले, तरी आपण समाधानी होत नाही, या आपल्या ज्ञानपिपासेला वंदन. मेनमधल्या न्यूपोर्टचा कूपर फ्लॅग ड्यूकला आला तेव्हा सतराचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंटकीविरुद्ध त्याने २६ गुण केले आणि १२ रिबाउंड घेतले. अखेरीस दोनदा चेंडू हातातून गेला आणि चर्चा त्या दोन चुकांचीच झाली. हंगामअखेर तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ५ एप्रिल २०२५ ला सॅन अँटोनियोत ह्यूस्टनविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याने २७ गुण केले. अखेरचा त्याचा फटका आखूड पडला आणि ड्यूक ६७-७० असा हरला. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला एका हुकलेल्या फटक्याचा जाब द्यावा लागत असेल, तर बाकीच्यांनी कुणाकडे पाहायचे?

आपल्या आकड्यांवर आता पैजांचाही धंदा उभा राहिला आहे. मार्च २०२४ मध्ये कॅरोलायनाच्या अर्मांडो बाकोटने सांगितले, की संघ जिंकूनही त्याला शंभराहून अधिक संतप्त संदेश आले, कारण त्याचे रिबाउंड कुणाच्या पैजेपेक्षा कमी पडले होते. तो पाच वर्षे मुरलेला गडी होता. वसतिगृहातल्या खोलीत रात्री एकटा फोन उघडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाने हे कसे पचवायचे? त्याच महिन्यात एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजा बंद करा, असे राज्यांना आवाहन केले. आपणही एखादे आवाहन केलेत तर बरे होईल.

यावर आपले उत्तर मला ठाऊक आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येतात, काहींना ते लाखो डॉलर मिळतात, मग टीकाही सोसावी, असे आपण म्हणाल. पैसे मिळावेत. त्यांच्या घामावर विद्यापीठांनी आणि वाहिन्यांनी कित्येक वर्षे कमाई केली आहे. पण पैशाने वय वाढत नाही. करारावर सही केली म्हणून मनगट एका रात्रीत पक्के होत नाही, की आईची आठवण यायची थांबत नाही.

म्हणून हात जोडून काही मागणे आहे. पुढच्या यादीत प्रत्येक पोराच्या नावापुढे त्याचे वय ताऱ्यांपेक्षा ठळक छापावेत. त्याला अजून काय जमत नाही तेही लिहावेत, म्हणजे ते जमले की आम्हाला टाळी वाजवता येईल. नोव्हेंबरात गुण मोजू नयेत. तो बचावाला परत धावतो का, चूक झाल्यावर मान खाली घालतो की पुढचा चेंडू मागतो, ते पाहावेत. नोव्हेंबरातला खेळाडू आणि मार्चमधला खेळाडू यांची तुलना करावीत. त्याची दुसऱ्या कुणाशीही करू नयेत. आणि आपले भाकीत चुकले, तर ते आपले चुकले असे आपल्याच सहीने लिहावेत. पोराने आपल्याला कोणतेही वचन दिलेले नव्हते. वचन आपण दिलेत, त्याच्या नावाने, त्याला न विचारता.

एवढे केलेत तर आपले तारे आम्ही आनंदाने वाचू. आणि ते होईपर्यंत, यंदाच्या हंगामात जो कोणी नवखा मुलगा मैदानात उतरेल, त्याच्या बाजूने आम्ही उभे राहू. तो चुकला तरी.

कळावे, लोभ असावा.

आपला कृपाभिलाषी,
वरच्या रांगेतला एक प्रेक्षक