सामना बुटाच्या शिवणीवर

अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांत अंतर जेमतेम दहा मैलांचं. भाऊबंदकीला एवढं पुरतं. त्यांचा बास्केटबॉल सामना जवळ आला की ड्यूकचे विद्यार्थी प्रवेश मिळावा म्हणून ऐन थंडीत आठवडेच्या आठवडे तंबूत राहतात आणि विश्लेषक उबदार स्टुडिओत. विद्यार्थ्यांना ड्यूकच्या कॅमेरॉन स्टेडियममध्ये उभं राहायला जागा मिळते. विश्लेषकांना मिळतात 'निर्णायक मुद्दे'.

मुद्दे ठरलेले. रिबाउंड जास्त घेईल तो जिंकेल. चेंडू कमी गमावेल तो जिंकेल. ज्याचे तीन गुणांचे नेम लागतील तो तर जिंकेलच. सारांश, जास्त गुण करणाऱ्याला विजयाची संधी आहे! एवढं सांगायला चार तज्ज्ञ आणि एक टचस्क्रीन लागतो.

इतिहास मात्र स्टुडिओत फिरकत नाही. 1979 साली चेंडू किती वेळ हातात ठेवावा, याला मर्यादाच नव्हती. कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या संघाने तो नुसता खेळवत ठेवला. मध्यंतराला गुणफलक : ड्यूक 7, कॅरोलायना 0. उत्तरार्धात दोघांचे चाळीस-चाळीस झाले आणि ड्यूक त्या सातांवरच जिंकलं, 47-40.

2019 मध्ये ड्यूकच्या झायन विल्यमसनला बघायला खुद्द बराक ओबामा आले. पहिल्याच मिनिटात झायनचा बूट फाटला, गुडघा दुखावला आणि तो जो आत गेला तो त्या सामन्यात परतलाच नाही. कॅरोलायना 88, ड्यूक 72. कोणत्या तज्ज्ञाच्या यादीत बुटाची शिवण होती?

2022 मध्ये ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की ऊर्फ 'कोच के' यांचा घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना होता. 42 हंगामांची कारकीर्द, पाच राष्ट्रीय विजेतेपदं, जुने खेळाडू गोळा झालेले, निरोप समारंभ सज्ज. पाहुण्यांनी 94-81 असा आहेर केला. समारंभ पराभवानंतर उरकावा लागला. महिन्याभरात न्यू ऑर्लीन्सला, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, याच पाहुण्यांनी 81-77 ने हरवून कारकीर्दीवरच पडदा टाकला.

तेव्हा पुढच्या सामन्यासाठी आमचे निर्णायक मुद्दे दोनच : बूट तपासून घ्या आणि सत्काराचे हार सामना संपल्यावर मागवा. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. वाचकहो, सामन्याआधीची चर्चा खुशाल झोपेत घालवा, पण पहिल्या मिनिटाला मात्र जागे असा.